अमेरिकन कायदा वाचताना या चुका टाळा: मूट आणि एलएलएमच्या मुलांसाठी

एलएलएमचे, म्हणजे कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीचे, प्रबंध आणि मूटची, म्हणजे अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेची, मेमोरियल (लेखी युक्तिवाद) माझ्याकडे तपासायला येतात. त्यातला अमेरिकेचा भाग उघडला की दरवर्षी त्याच चुका भेटतात. मुलं कष्टाळू असतात, आपली राज्यघटना त्यांना कलमांसकट पाठ असते. पण तीच घटना डोक्यात ठेवून ती अमेरिकेचा कायदा वाचायला बसतात, आणि तिथेच घोळ होतो.

"अमेरिकेत असा कायदा आहे"

हे वाक्य दिसलं की मी तिथेच थांबते आणि समासात लिहिते, "कुणाचा?"

आपल्याकडे भारतीय न्याय संहिता गडचिरोलीत जी, तीच पणजीत. तालुक्याच्या कोर्टापासून दिल्लीपर्यंत न्यायालयांची एकच उतरंड. अमेरिकेत तसं नाही. संघराज्याच्या काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, घटनेने ठरावीकच विषय दिले आहेत. बाकीचं, म्हणजे खून, चोरी, करार, लग्न, घटस्फोट, जमीनजुमला, हे मुख्यतः 50 राज्यांकडे. प्रत्येक राज्याची स्वतःची घटना, स्वतःचं विधिमंडळ, स्वतःची न्यायालयं. सहाव्या अनुच्छेदानुसार संघराज्याचा कायदा वरचढ ठरतो हे खरं, पण घटनेने दिलेल्या विषयात तो असेल आणि राज्याच्या कायद्याशी त्याची टक्कर होत असेल तरच. राज्याच्या स्वतःच्या कायद्याचा अर्थ लावण्यात त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा शब्द शेवटचा असतो, वॉशिंग्टनमधलं सुप्रीम कोर्टही तो बदलत नाही.

आपल्या अगदी जवळचं उदाहरण जातिभेदबंदीचं. "अमेरिकेने 2023 मध्ये जातिभेदाला कायद्याने बंदी घातली" हे वाक्य मी कितीतरी निबंधांत खोडलंय. घडलं ते असं: पुण्यात जन्मलेल्या नगरसेविका क्षमा सावंत यांनी मांडलेला ठराव सिएटल शहराच्या कौन्सिलने 21 फेब्रुवारी 2023 ला मंजूर केला. हा शहराचा अध्यादेश, म्हणजे कौन्सिलने केलेला स्थानिक कायदा, शहराच्या हद्दीपुरता. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात राज्य पातळीवरचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण भेदभावविरोधी जुन्या कायद्यात हे आधीच येतं असं कारण देऊन गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये ते नाकारलं. शहराचा अध्यादेश, राज्याचं विधेयक आणि संघराज्याचा कायदा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या लढ्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं कष्ट उपसले, त्याबद्दल लिहिताना तरी एवढी काळजी घ्यायलाच हवी.

न्यायालयांच्या बाबतीत तर याहून वाईट. काही वर्षांपूर्वी एका राष्ट्रीय मूटमध्ये मी परीक्षकांसोबत बसले होते. एका संघाने अर्धा युक्तिवाद एकाच निकालावर उभा केला होता. "न्यूयॉर्कच्या सुप्रीम कोर्टाने हे ठरवलंय," मुलगी ठामपणे म्हणाली. माझ्या शेजारचे परीक्षक शांतपणे म्हणाले, "जोडपत्राचं पहिलं पान उघडा आणि वरच्या दोन ओळी वाचा." तिने वाचल्या: न्यूयॉर्क राज्याचं सुप्रीम कोर्ट, काउंटी ऑफ किंग्ज. "राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या शिरोभागी काउंटी कशी आली?" तिला उत्तर देता येईना, जोडीदार नुसती पानं उलटत राहिला.

किंग्ज काउंटी म्हणजे ब्रुकलिन. न्यूयॉर्कमध्ये सुप्रीम कोर्ट हे खटला पहिल्यांदा चालतो ते न्यायालय आहे. त्याच्यावर अपेलेट डिव्हिजन, आणि सर्वांत वर ऑल्बनीचं कोर्ट ऑफ अपील्स. म्हणजे ज्या निकालावर त्यांची सगळी भिस्त होती तो खालच्या पायरीवरच्या एका न्यायाधीशाचा होता, दुसऱ्या कुठल्याही न्यायालयावर बंधनकारक नसलेला. मुलांनी तो कुठल्यातरी संकेतस्थळावरच्या चार ओळींच्या सारांशातून उचलला होता, पहिलं पान पाहिलंच नव्हतं. मुलगी रडवेली झाली. मला राग आला तो तिच्या मार्गदर्शकाचा. महिनाभर मुलांना उभं राहण्याची ढब आणि "माय लॉर्ड" म्हणण्याचा सूर शिकवला, आणि निकालपत्राचा शिरोभाग कसा वाचायचा हे शिकवलं नाही.

माझी सवय अशी: वहीत कुठलाही अमेरिकन निकाल किंवा कायदा उतरवण्याआधी समासात तीन गोष्टी. कुणाचं सरकार, कुठलं न्यायालय, कुठलं वर्ष. त्या भरल्याशिवाय मी पुढची ओळ लिहीत नाही, आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही लिहू देत नाही.

मूलभूत हक्क सगळ्यांविरुद्ध चालतात असं मानणं

"कंपनीने फेसबुक पोस्टवरून नोकरीवरून काढलं, म्हणजे पहिल्या दुरुस्तीचा (भाषणस्वातंत्र्य वगैरे देणाऱ्या घटनादुरुस्तीचा) भंग." नाही. पहिल्या दुरुस्तीची सुरुवातच अशी आहे की काँग्रेसने असा कायदा करू नये. चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे ते बंधन पुढे राज्यांवर आलं, म्हणून शहर, पोलीस आणि सरकारी विद्यापीठही त्यात येतात. खासगी मालक येत नाही. त्याच्याविरुद्ध दाद मागायची तर एखादा साधा कायदा शोधावा लागतो, संघराज्याचा किंवा राज्याचा.

मराठी मुलांची ही चूक मला समजते. आपल्या घटनेत कलम 15(2) दुकानं, हॉटेलं, विहिरी यांबद्दल थेट बोलतं, कलम 17 अस्पृश्यता कुणीही पाळली तरी लागू होतं. बाबासाहेबांच्या घटनेवर वाढलेल्या मुलाला वाटणारच की हक्क दुकानदाराविरुद्धही असतो. अमेरिकेत हे का घडलं नाही, त्याचा इतिहास वाचावा असा आहे. खाणावळी, नाटकगृहं आणि प्रवासात वर्णभेद करू नये असा कायदा काँग्रेसने 1875 मध्ये केला होता. 1883 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो मोडीत काढला, कारण चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खाणावळीच्या मालकाला नाही. पुढची सुमारे 80 वर्षं संघराज्याकडे या भेदभावावर उत्तर नव्हतं. 1964 चा नागरी हक्क कायदा आला तेव्हा हॉटेलांविषयीचा त्याचा भाग न्यायालयात टिकला तो काँग्रेसच्या आंतरराज्य व्यापाराचं नियमन करण्याच्या अधिकारावर. अटलांटाच्या ज्या मोटेलने कायद्याला आव्हान दिलं, तिथले साधारण 75 टक्के पाहुणे बाहेरच्या राज्यांतले होते, आणि न्यायालयाला तेवढं पुरलं. माणसाला खोली नाकारण्याचा प्रश्न व्यापाराच्या कलमावर सुटला, हे मला आजही बोचतं. पण कायद्याचा उगम तिथे आहे, आणि प्रबंधात तोच लिहावा लागेल.

नोकरीतल्या भेदभावाला त्याच कायद्याचा सातवा भाग लागतो, तोही 15 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला. थेट खासगी माणसालाही बांधणारी ठळक दुरुस्ती म्हणजे तेरावी, गुलामगिरीवरच्या बंदीची.

बाकीच्या चुका, थोडक्यात

1791 च्या हक्कांच्या सनदेने (पहिल्या दहा घटनादुरुस्त्यांनी) राज्यांना सुरुवातीपासून बांधलं असं लिहू नका. 1833 मध्ये बाल्टिमोरच्या एका धक्कामालकाच्या दाव्यात न्यायालयाने नेमकं उलट सांगितलं होतं. 1868 च्या चौदाव्या दुरुस्तीनंतर एकेक हक्क राज्यांना लागू होत गेला. जबर दंडापासूनचं संरक्षण तर 2019 मध्ये, इंडियानात पोलिसांनी जप्त केलेल्या एका लँड रोव्हर गाडीच्या खटल्यात. दिवाणी ज्यूरीचा हक्क अजूनही राज्यांना लागू नाही.

स्वातंत्र्याचा जाहीरनामा हा हक्काचा स्रोत म्हणून उद्धृत करू नका. न्यायालयात त्याच्यावर दावा उभा राहत नाही.

रेल्वेत वर्णानुसार वेगळे डबे वैध ठरवणाऱ्या 1896 च्या प्लेसी खटल्यातलं "घटना रंग जाणत नाही" अशा अर्थाचं वाक्य न्यायमूर्ती हार्लन यांच्या विरोधी मतातलं आहे. निकाल त्याच्या अगदी उलट होता.

मिरांडा इशारा (गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क आहे ही पोलिसांनी द्यायची सूचना) दिला नाही म्हणून आरोपी सुटत नाही. कोठडीतल्या जबाबाचा पुरावा म्हणून वापर रोखला जातो, एवढंच. चित्रपट पाहून लिहू नका.

गर्भपाताच्या हक्काचा रो निकाल 2022 मध्ये रद्द झाला, संदिग्ध कायद्याचा सरकारी खात्याने लावलेला वाजवी अर्थ मानावा असं सांगणारा शेव्हरॉन निकाल 2024 मध्ये. नोट्स जुन्या असतील तर फेकून द्या.

सुप्रीम कोर्टाच्या निकालाआधी सिलॅबस नावाचा सारांश असतो. घाईतली मुलं तोच न्यायालयाचा शब्द म्हणून अवतरणात टाकतात. तो निकालाचा भाग नाही असं तिथेच, 1906 च्या एका निकालाचा दाखला देऊन, छापलेलं असतं. निकाल त्याच्या पुढे सुरू होतो, लिहिणाऱ्या न्यायमूर्तींच्या नावापाशी. तिथून वाचा.

चॅटजीपीटीकडून खटल्यांची यादी मागवण्याबद्दल मला कुणी परवानगी विचारू नये. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात अशाच मागवलेल्या, अस्तित्वातच नसलेल्या निकालांचे दाखले दिल्याबद्दल वकिलांना 5,000 डॉलर दंड झाला. मूळ निकाल सुप्रीम कोर्टाच्या संकेतस्थळावर आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूटवर फुकट मिळतात. माझ्याकडे मेमोरियल पाठवताना प्रत्येक उद्धृत निकालाचं पहिलं पान जोडा. नसेल तर मी ते तपासायला घेत नाही.