ज्वारी, डाळ आणि पाला: सोलापुरात कमी खर्चात घरचं सकस जेवण

स्वस्त आणि सकस खायचं म्हणून सोलापुरात नवीन काही शोधावं लागत नाही. ज्वारीची भाकरी, कडधान्याची आमटी, एखादी पालेभाजी, शेंगाचटणी आणि कांदा एवढ्यात बहुतेक गरज भागते. खर्च फुगतो तो दुसरीकडेच: दोन-दोन किलो आणलेलं तयार पीठ, हात सैल सोडून ओतलेलं तेल, फ्रीजमध्ये सडलेली जुडी आणि कंटाळा आला म्हणून बाहेरून मागवलेलं. त्यामुळे पाककृतीच्या आधी हिशेब.

किती लागतं

साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. ज्वारीत शंभर ग्रॅममागे १० ग्रॅमच्या आसपास, डाळी-कडधान्यांत २२ ते २४ आणि शेंगदाण्यात २५ ग्रॅम असतात. चार भाकऱ्यांना ३४० ग्रॅम पीठ जातं, त्यातून ३४ ग्रॅम मिळतात. ४० ग्रॅम कोरड्या डाळीतून ९ आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम दाण्यांतून ७. झाले पन्नास. दूध, ताक, अंडी हे त्यावरचं.

इथे एक खोच आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो आणि शेंगदाण्यातही तो फारसा नसतो. म्हणून नुसत्या भाकरी-चटणीवर पोट भरलं तरी अंगाला लागत नाही. लायसिन डाळीत आणि कडधान्यात भरपूर असतं. पैसे कमी असले की घरात सगळ्यात आधी डाळ पातळ होते, आणि नेमकी तीच होऊ द्यायची नसते. भाजी एक दिवस राहिली तर चालेल, डाळ राहता कामा नये.

चार मोठ्या माणसांचं महिन्याचं माप साधारण असं बसतं: धान्य सगळं मिळून ४१ किलो, डाळ-कडधान्यं ५ किलो, शेंगदाणे साडेतीन किलो, तेल अडीच लिटर. तेलाचं माप माणशी रोज चहाचे चार चमचे धरून काढलंय. पाचव्या लिटरला हात घालणारं घर असेल तर बचत तिथूनच सुरू करा. महिन्याचं तेल एक तारखेला वेगळ्या बरणीत काढून ठेवलं की हात आपोआप आखडतो. रेशन कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळतं, म्हणजे चौघांचं २० किलो तिथेच आलं. विकत घ्यायची ज्वारी मग २१ किलोच उरते.

रेशनच्या तांदळात कधी कधी काही दाणे वेगळे दिसतात, जरा पांढरट आणि हलके. प्लॅस्टिकचा तांदूळ म्हणून लोक ते वेचून टाकतात. ते लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेले पोषणयुक्त दाणे असतात, शंभर दाण्यांमागे साधारण एक या हिशेबाने मिसळलेले. ते टाकू नका. तांदूळ दोनदाच धुवा आणि मापात पाणी घालून शिजवा. पेज काढून ओतून दिली तर जीवनसत्त्वं तिच्याबरोबर जातात.

ज्वारी

रोजच्या भाकरीला मालदांडी घ्या. मालदांडी ३५-१ हे वाण आपल्याच जिल्ह्यातलं, मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेलं. दाणा गोल, टपोरा आणि मोत्यासारखा चमकदार असतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि ती चवीला उजवीच, पण नावाचे चार पैसे जास्त जातात. रोजच्या खाण्याला इतर गावची चांगली मालदांडी पुरते. खरिपाची संकरित ज्वारी स्वस्त मिळते, मात्र ती कणसात असताना पावसात सापडलेली असते. दाण्यावर काळी बुरशी दिसली तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये काढली जाते. त्यानंतरच्या महिना-दीड महिन्यात वर्षाची भरती करायची. पोतं परवडत नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून घ्यावं. दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि दाणे पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा. गरम भरले की आत घाम धरतो आणि कीड लागते. थरांमध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला.

दळण मात्र थोडं थोडं. आठ दिवसांत संपेल एवढंच दळा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जातं, म्हणजे त्यातला चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना तुटते. उन्हाळ्यात वर कडवटपणाही येतो.

भाकरी का बिघडते

ज्वारीत गव्हासारखं पीठ चिकट धरून ठेवणारं ग्लुटेन नसतं. भाकरी धरून ठेवतो तो पिठातला स्टार्च, आणि तो पाण्याने व मळण्याने चिकट करावा लागतो. पीठ ताजं असेल तर कोमट पाणी पुरतं. जुनं असेल तर दोन वाट्या पिठाला एक वाटीभर उकळतं पाणी घाला, उलथण्याने ढवळून पाच मिनिटं झाका आणि मग लागेल तसा पाण्याचा हात लावत मळा.

सगळं पीठ एकदम मळून ठेवू नका. एका भाकरीचा गोळा घ्या आणि काटवटीत तळहाताच्या टाचेने दोन-तीन मिनिटं रगडा. गोळा दाबल्यावर कडेला चिरा पडल्या तर अजून मळायला हवा. थापताना मधे जाड आणि कडेला पातळ झाली की ती फुगत नाही.

तवा चांगला तापलेला हवा. पिठाची बाजू वर करून भाकरी टाका आणि लगेच वरून पाण्याचा हात फिरवा, कडेपर्यंत. पाणी सुकत आलं, पण पृष्ठभाग अजून ओलसर आहे, तेव्हा उलटा. हा क्षण चुकला की पापुद्र्याला चिरा पडतात, वाफ तिथून निघून जाते आणि भाकरी सपाट राहते. पाणी नीट न लावलेल्या जागी पांढरं पीठ तसंच दिसतं. दुसरी बाजू पूर्ण भाजा, मग पहिली बाजू थेट आचेवर धरा.

कडक भाकरीसाठी गोळा नेहमीच्या निम्म्याहून थोडा जास्त घ्या, साधारण ५० ते ६० ग्रॅम पिठाचा, आणि शक्य तेवढी पातळ थापा. नेहमीसारखी भाजून झाली की आच अगदी मंद करून फडक्याने दाबत दाबत ओलावा जाईपर्यंत तव्यावर ठेवा. गरम असताना एकावर एक रचू नका, उभ्या करून गार करा. मेच्या उन्हात दोन वेळा चुलीपुढे उभं राहण्यापेक्षा आठवड्यातून एकदा सकाळी लवकर चाळीस भाकऱ्या करून ठेवणं सोपं. गार झाल्यावर बंद डब्यात भरल्या की पुष्कळ दिवस टिकतात. पावसाळ्यात मऊ पडल्या तर तव्यावर परत शेकल्या की कुरकुरीत होतात.

डाळ शिजत नाही त्याचं कारण

बोअरच्या जड पाण्यात डाळ तासभर उकळली तरी दाणा दाणा राहते. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार डाळीचं साल आणि गर घट्ट करतात. बऱ्याच घरांत मग सोड्याची चिमूट पडते. डाळ शिजते खरी, पण बी-१ जीवनसत्त्व त्यात नासतं. त्यापेक्षा नळाला येणारं उजनीचं पाणी डाळ-भातासाठी वेगळं भरून ठेवा आणि बोअरचं पाणी धुण्या-भांड्याला वापरा. तूरडाळ अर्धा तास भिजवली की गॅसही वाचतो. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला. आंबट आधी पडलं की ती बोटचेपी होतच नाही.

पाच किलोंत तूरडाळ दोनच किलो ठेवा. ती बहुतेक वेळा सगळ्यात महाग असते. बाकी मटकी, हुलगा, मूग, हरभरा, ज्याचा भाव त्या महिन्यात उतरलेला असेल ते. मटकी आठ तास भिजवून बांधा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत दिवस लागतो. उन्हाळ्यात जास्त वेळ राहिली की बुळबुळीत होते आणि आंबूस वास येतो, म्हणून मधे एकदा धुऊन परत बांधा. एक वाटी कोरड्या मटकीची मोड येऊन अडीच ते तीन वाट्या होते, एका वेळेला चौघांना पुरते.

हुलग्याला लोक गरिबाचं कडधान्य म्हणून नाक मुरडतात, आणि म्हणूनच तो परवडतो. रात्रभर भिजवून कुकरला पाच-सहा शिट्ट्या द्या. शिजवलेलं पाणी ओतू नका, लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन त्याचंच सार करा.

त्याचे शेंगोळे तर भाकरीशिवायही पूर्ण जेवण. चौघांसाठी दोन वाट्या हुलग्याचं पीठ आणि अर्धी वाटी ज्वारीचं पीठ घ्या. आठ-दहा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, तिखट आणि मीठ वाटून त्यात घाला आणि घट्ट मळा. तळहातावर करंगळीएवढ्या वळ्या करून कडी जोडा. एक पळी तेलाच्या फोडणीत सहा वाट्या पाणी ओता, खळखळून उकळू द्या आणि शेंगोळे चार-चार करून सोडा. पाणी उकळायच्या आधी सोडले किंवा सगळे एकदम टाकले तर विरघळून पिठलं होतं. वीस-पंचवीस मिनिटं मध्यम आचेवर शिजवा. एक तोडून पाहा, मधे कोरडं पीठ दिसता कामा नये. रस्सा पातळ वाटला तर त्यातच चमचाभर पीठ पाण्यात कालवून लावा.

पाला आणि मंडई

लक्ष्मी मंडई असो की कस्तुरबा मंडई, पालेभाजी दिवस मावळताना उतरते. विकणारीला ती परत न्यायची नसते. त्या वेळी घ्या, पण त्याच रात्री निवडा आणि कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा. धुऊन ठेवलेला पाला सडतो, धुवायचा तो चिरण्याआधी. चिरून धुतला की सत्त्व पाण्यात जातं.

थंडीत मेथी, चाकवत, करडई, हरभऱ्याचा पाला, पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, अंबाडी. ऋतूबाहेरची फ्लॉवर-ढोबळी मिरची पोषणात यांच्यापेक्षा वरचढ नाही, किमतीत मात्र असते. पाल्यातलं लोह अंगी लागायला सोबत कच्चं आंबट हवं, म्हणून लिंबू पानात वाढून पिळा, कढईत नको. आणि जेवणावर लगेच चहा नको. चहा लोह अडवतो. बायका-मुलांच्या अंगात रक्त कमी असेल तर ही एक सवय मोडणं फुकटात होतं.

अंबाडी स्वस्त असूनही बिघडते, कारण ती डाळीबरोबर कुकरला लावली जाते आणि आंबटपणामुळे डाळ कच्ची राहते. अर्धी वाटी तूरडाळ, पाव वाटी ज्वारीच्या कण्या आणि दोन चमचे दाणे वेगळे शिजवा. जुडीभर अंबाडी दुसऱ्या भांड्यात उकळून पिळून घ्या. पानं कोवळी असतील तर पाणी थोडंच काढा. दोन्ही एकत्र घोटून मीठ, तिखट आणि सुपारीएवढा गूळ घाला, पाच मिनिटं शिजवा आणि वरून ठेचलेल्या लसणाची फोडणी द्या. तेलात कंजुषी करायची तर ती दुसऱ्या भाजीत, इथे एक पळी पडू द्या.

चटणी आणि कांदा

पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं भाजा. मोठ्या आचेवर वरून करपतात आणि आत कच्चे राहतात. सुरकुतलेले, काळपट, कडवट दाणे आधीच वेचून टाका. बुरशीचं विष भाजून जात नाही. गार झाल्यावर साल पाखडून पंधरा लसूण पाकळ्या, दोन-तीन चमचे तिखट, चमचाभर जिरं आणि चमचाभर मीठ घालून उखळात कुटा. दाण्याला तेल सुटून चटणी ओलसर गोळा धरू लागली की झाली. मिक्सर असेल तर थांबत थांबत झटके द्या आणि मधे खालवर करा. सलग फिरवला तर खाली लगदा आणि वर कोरडा भुगा होतो. दाण्याचं तेल पानात आलं की त्या दिवशी भाजीच्या फोडणीला निम्मं तेल पुरतं, हे हिशेबात धरायला विसरू नका.

कांदा आपल्याकडे स्वस्त पडतो तो नोव्हेंबर ते जानेवारीत, बाजार समितीत गाड्यांवर गाड्या आल्या की. पिशवी भरून आणायचा मोह तेव्हाच होतो, आणि तोच कांदा घरात कुजतो. खरिपाचा कांदा पाणीदार असतो, दोन-तीन आठवड्यांच्या वर ठेवायचा नाही. साठवायचा तो मार्च ते मे दरम्यान येणारा उन्हाळी कांदा. मान बारीक आणि सुकलेली, साल दोन-तीन पदरी घट्ट बसलेली असावी. खाटेखाली पसरून ठेवा, बटाट्याशेजारी नको. आठवड्यातून एकदा हात फिरवा आणि मऊ पडलेला लगेच बाजूला काढून त्याच दिवशी पिठल्यात वापरा.