जेम्स लेगचं चरित्र अर्ध्या तासात कसं सांगावं

नागपुरात ‘स्कॉटिश मिशनरी’ म्हटलं की समोरच्याला हिस्लॉप कॉलेजच आठवतं. म्हणून जेम्स लेगवर, म्हणजे चिनी अभिजात ग्रंथ इंग्रजीत आणणाऱ्या मिशनऱ्यावर, बोलायला उभं राहायचं असेल तर सुरुवात स्टीफन हिस्लॉपपासून करा आणि दोन मिनिटांत त्याला मागे सोडा. हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आला. त्याने शाळा चालवली, जीवाश्म गोळा केले, गोंडांची गाणी लिहून घेतली आणि १८६३ साली टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना पाण्यात बुडून गेला. लेग त्याच्याहून दोनच वर्षांनी मोठा, तोही स्कॉटलंडचाच. एवढं सांगितलं की श्रोत्यांना लेग परका वाटत नाही. मग हिस्लॉपचं नाव पुन्हा काढू नका, नाहीतर सगळे प्रश्न त्याच्यावरच येतील.

मी शाळेत इतिहास शिकवला. आता आमच्या वस्तीतल्या वाचनालयात चरित्रकथनाचा कार्यक्रम बघते. बोलणारी बहुतेक कॉलेजातली मुलंमुली असतात, ऐकणारे त्यांच्या आजोबांच्या वयाचे. लेग निवडणाऱ्याला मी जे सांगते ते इथे लिहिते आहे.

सनावळी बोलण्याआधीच फळ्यावर लिहून टाका. १८१५, हंटली या गावी जन्म. १८४०, मलाक्का (आजच्या मलेशियात). १८४३, हाँगकाँग. १८६१, चिनी अभिजात ग्रंथांच्या भाषांतराचा पहिला खंड. १८७६, ऑक्सफर्ड विद्यापीठात चिनी भाषेचा पहिला प्राध्यापक. १८९७, ऑक्सफर्डमध्येच मृत्यू. ज्याला लागेल तो मान वर करून बघेल, तुमचं बोलणं मोकळं राहील. बालपण आणि अ‍ॅबर्डीनचं शिक्षण चार वाक्यांत उरका. लंडनमध्ये त्याने सॅम्युअल किड यांच्याकडे चिनीचे पहिले धडे घेतले आणि लंडन मिशनरी सोसायटीतर्फे तो निघाला, एवढं पुरे.

खरा वेळ द्यायचा तो त्याच्या कामाच्या रीतीला. लेग पहाटे तीनच्या सुमाराला उठून अभ्यासाला बसत असे. दिवस मिशनचा: प्रवचनं, शाळा, छापखाना, आजारी माणसांच्या भेटी. ग्रंथांसाठी उरायची ती पहाटच. असं किती वर्षं? हाँगकाँगमध्ये छापलेले ते पाच खंड, आठ पुस्तकांत, १८७२ पर्यंत पुरे झाले. कन्फ्यूशियस, त्याच्याच परंपरेतला विचारवंत मेन्शियस, इतिहासाचा ग्रंथ, काव्याचा ग्रंथ, लू या प्राचीन चिनी राज्याच्या वार्षिक नोंदी. हे सांगताना घाई करू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात पहाटे उठून अभ्यास केलेली माणसं समोर बसलेली असतात, त्यांना हे पटकन भिडतं.

का उठायचा तो? त्याचं स्पष्ट मत होतं की चिनी लोकांचे अभिजात ग्रंथ पुरते पचवल्याशिवाय मिशनऱ्याने स्वतःला त्या कामाला लायक समजू नये. म्हणजे तो आला धर्म सांगायला, आणि सांगण्याआधी ऐकलं पाहिजे म्हणून त्याने आयुष्यातली मोठी वर्षं ऐकण्यात घातली. माझ्या मते लेगला समजून घ्यायचं ते इथून.

प्रोजेक्टर असेल तर त्या खंडांतलं एकच पान दाखवा. हे खंड आता सगळ्यांना मोफत उपलब्ध आहेत, जुन्या छपाईची चित्रं सहज मिळतात. पानाच्या वर ठळक चिनी मजकूर, त्याखाली इंग्रजी भाषांतर, आणि तळाशी बारीक अक्षरात टिपा. काही पानांवर टिपांनी इतकी जागा व्यापलेली आहे की मूळ मजकुराच्या दोनच ओळी उरतात. लेगला याची जाणीव होती. त्याचं म्हणणं असं की शंभरातले नव्याण्णव वाचक या टिपांकडे बघणार नाहीत, पण शंभरावा येईल त्याला त्या लांब वाटणार नाहीत, आणि त्याच्यासाठी लिहिलं पाहिजे. हे सांगून झाल्यावर पान थोडा वेळ पडद्यावर तसंच राहू द्या.

वांग ताओला विसरलात तर चरित्र खोटं पडेल, हे मी फार आग्रहाने सांगते. लेगने एकट्याने हे केलेलं नाही. वांग ताओ हा जुने चिनी ग्रंथ शिकलेला विद्वान. चीनच्या राजवटीविरुद्ध उठलेल्या ताइपिंग बंडखोरांना पत्र लिहिल्याच्या आरोपामुळे सरकारी माणसं त्याच्या मागे लागली, तेव्हा तो १८६२ साली हाँगकाँगला पळून आला. तिथे जुन्या भाष्यकारांची मतं गोळा करून तो लेगपुढे मांडायचा. लेग १८६७ मध्ये स्कॉटलंडला गेला तेव्हा त्याने वांग ताओलाही बोलावून घेतलं, आणि डॉलर नावाच्या छोट्या गावात दोघांनी काम पुढे चालवलं. ते गाव, ती थंडी, आणि त्यात चिनी पोथ्या उघडून बसलेले हे दोघे, असं चित्र उभं करा. १८७० मध्ये दोघे परतले. पुढे वांग ताओने मिशनचाच छापखाना विकत घेतला आणि १८७४ साली हाँगकाँगमध्ये चिनी भाषेतलं दैनिक काढलं. त्याच्यासाठी निदान पाच मिनिटं राखून ठेवा.

आता अवघड भाग. ग्रंथांच्या छपाईचा खर्च प्रथम जोसेफ जार्डिनने उचलला, म्हणजे ज्या घराण्याने अफूच्या व्यापारावर पैसा केला त्यातल्या माणसाने. लेग स्वतः अफूच्या व्यापाराच्या विरोधात उघड बोलत असे. दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ सांगा, मधे सारवासारव नको. आणि आपल्याकडे बोट दाखवायला कचरू नका: माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती. आपला मध्य भारतही त्या व्यापारात होता हे ऐकलं की सभागृहातली कुजबुज थांबते.

त्यानंतर त्याचं मत कसं बदललं ते सांगा. १८६१ च्या खंडात लेगने कन्फ्यूशियसला थोर पुरुष मानायला नकार दिला होता. १८९३ च्या सुधारित आवृत्तीत तो लिहितो की कन्फ्यूशियसचा जितका अभ्यास केला तितका आदर वाढत गेला. बत्तीस वर्षांचं अंतर आहे. दोन्ही उतारे कागदावर उतरवून न्या आणि पाठोपाठ वाचा. स्वतःचं भाष्य मधे घालू नका. जोडीला १८७३ चा प्रसंग द्या. चीन सोडण्याआधी तो उत्तरेत फिरला, बीजिंगला स्वर्गमंदिराच्या वेदीवर चढण्याआधी त्याने पायातले जोडे काढले आणि सोबत्यांचे हात धरून तिथे ईश्वरस्तुती गायली. काही मिशनऱ्यांना हे मुळीच रुचलं नाही. आपल्या श्रोत्यांना जोडे काढण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, म्हणून हा प्रसंग इथे फार चांगला उतरतो.

कोणीतरी विचारेलच, “बाप्पा, हा चीनचा माणूस आपण काहून ऐकून राहिलो?” त्याचं उत्तर तोंडी देण्यापेक्षा वाचून द्या. लेगने १८८६ साली फाहियान या चिनी बौद्ध भिक्षूच्या भारतप्रवासाच्या वृत्ताचं भाषांतर प्रसिद्ध केलं. फाहियान ३९९ साली चीनमधल्या चांगआनहून निघाला तो बौद्ध विनयाचे, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांचे, ग्रंथ शोधायला. दीक्षाभूमीच्या या शहरात फाहियानचं नाव माहीत नसलेलं घर क्वचितच सापडेल, पण त्याला इंग्रजीत आणणाऱ्यांत लेगही होता हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यातलं पस्तिसावं प्रकरण निवडा. दक्षिण नावाच्या देशात डोंगर कोरून केलेला पाच मजली विहार आहे, असं त्यात वर्णन आहे. खालचा मजला हत्तीच्या आकाराचा, पाचशे खोल्यांचा; वर सिंह, मग घोडा, मग बैल, आणि सगळ्यात वर पारवा, त्याच्या शंभर खोल्या. उतारा छोटा आहे. आधी मराठीत स्वतः उतरवून मोठ्याने वाचण्याचा सराव करा, आकडे अडखळवतात.

वाचून झालं की लगेच प्रश्न घ्या. पहिला प्रश्न हमखास येतो की हे वेरूळ की अजिंठा. ठाम नाव घेऊ नका. वाटा धोक्याच्या होत्या, राजाला पैसे देऊन वाटाडे घ्यावे लागत, म्हणून फाहियान तिकडे गेलाच नाही. जे लिहिलं ते तिथल्या लोकांकडून ऐकलेलं. हे त्याच प्रकरणाच्या शेवटी आहे, तेवढी ओळ खूण करून हाताशी ठेवा.