बादलीत चेंडू पडत नाही? ट्रेबुशेचा खिळा तपासा

"अजून वजन टाका, लांब जाईल." ट्रेबुशे, म्हणजे वजनाच्या जोरावर गोफणीतून चेंडू फेकणारं यंत्र, बनवणाऱ्या मुलांना हा सल्ला कोण देत नाही? चेंडू लांब जातोही. पण नेमाच्या स्पर्धेत बादली 8 मीटरवर ठेवलेली असते, आणि चेंडू एकदा 7 वर पडतो, एकदा 9 वर. तिथे वजन काय करणार?

यंत्र तयार आहे असं धरून चालते: दांडा, एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला गोफण. नियमांत मुभा असेल तर चेंडू स्क्वॉशचा घ्या, तो साधारण 24 ग्रॅमचा असतो. टेबल टेनिसचा 2.7 ग्रॅमचा चेंडू पंख्याच्या वाऱ्यानेही भरकटतो. फेकताना गॉगल लावा, बाजूला उभे राहा. यंत्राच्या पुढे कोणी नको आणि मागेही नको. मागे का, ते येईलच.

आधी काहीही न बदलता दहा वेळा फेका. जमिनीवर रांगोळीचा पातळ थर पसरा, म्हणजे चेंडू टेकला तिथे ठसा उमटतो. "इथंच कुठंतरी पडला" याला माप म्हणत नाहीत.

ठसे डावी-उजवीकडे पसरले असतील तर काम सोपं आहे. दांडा ज्यावर फिरतो ती आस डुगडुगत असेल तर 608 नंबरची दोन बेअरिंग आणि 8 मिलिमीटरची सळई बसवा. गोफणीच्या दोन्ही दोऱ्या झोळीच्या मधोमध बांधा, फरशीवर यंत्राखाली रबर घाला, दांडा अडवून धरणाऱ्या कळीला मेण चोळा म्हणजे हिसका द्यावा लागत नाही.

ठसे पुढे-मागे पसरले असतील तर मात्र गाठ खिळ्याशी आहे.

जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकणारा माणूस आठवा. गोफणीचं एक टोक बोटात अडकवलेलं, दुसरं चिमटीत. नेमक्या क्षणी चिमूट सुटते. ट्रेबुशेत ती चिमूट म्हणजे दांड्याच्या टोकाचा खिळा. गोफणीचं एक टोक दांड्याला पक्कं बांधलेलं, दुसऱ्या टोकाची कडी या खिळ्यात; ती त्यावरून घसरली की चेंडू सुटला. खिळा सरळ असेल तर कडी लवकर निसटते आणि चेंडू उंच जातो, कधी चक्क मागे. खिळा फेकीच्या दिशेने वाकवलेला असेल तर कडी उशिरा सुटते, चेंडू सपाट जातो किंवा समोरच आपटतो.

पहिल्या वर्षी आमचा चेंडू मागे गेला, थेट परीक्षकांच्या चहाच्या ट्रेमध्ये. त्या रात्री मी पक्कड घेऊन बसले आणि दर फेकीनंतर खिळा वाकवत राहिले. कधी पुढे, कधी मागे, शेवटी तो तुटला. खरं तर कोन दुसऱ्या-तिसऱ्या वाकवण्यातच जमला होता. घोळ वेगळाच होता: कडीऐवजी मी दोऱ्याचा फास केला होता, आणि पक्कडीच्या दातांनी खिळ्यावर पडलेल्या ओरखड्यांत त्याचे तंतू अडकत होते. कोन तोच, पण सुटका दर वेळी वेगळ्या क्षणी.

म्हणून आधी घर्षण, मग कोन. खिळा बारीक पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासा, नखाला काही लागता कामा नये. वरून मेणबत्ती फिरवा. कडी धातूची आणि अखंड हवी; किल्ल्यांच्या कडीच्या फटीत खिळ्याचं टोक अडकतं. वाकवताना पक्कडीच्या जबड्यांना कापड गुंडाळा.

आता कोन. दांड्यावर खिळ्याशेजारी कागदी कोनमापक चिकटवा, एका वेळी 5 अंशच बदला, प्रत्येक कोनाला तीन फेकी द्या आणि मोबाइलवर बाजूने स्लो मोशन घ्या. सगळे सांगतात तो "45 अंश" हा आकडा चेंडू सुटतानाच्या दिशेचा आहे, खिळ्याचा किंवा दांड्याचा नव्हे! काही व्हिडिओ इथेच दिशाभूल करतात.

45 च्या आसपास राहायचं कारण लांब फेक नव्हे, नेम आहे. हवेचा अडथळा आणि सुटण्याची उंची सोडली, तर 8 मीटरच्या फेकीत 45 ऐवजी 40 अंशांवर सुटलेला चेंडू जेमतेम 12 सेंटिमीटर अलीकडे पडतो. हीच 5 अंशांची चूक 30 च्या जागी 35 अशी झाली तर तो 68 सेंटिमीटर पुढे जातो. म्हणजे 45 जवळ खिळ्याचे थोडे लाड खपतात.

कोन जमला की खिळ्याला हात लावू नका. अंतर मागच्या वजनाने साधा. वेगात 1 टक्का फरक पडला तरी 8 मीटरवर 16 सेंटिमीटर हलतात, त्यामुळे वाळूची पिशवी नको. आमची गळत होती आणि ते तासभर कळलं नाही. डब्यात लोखंडी वॉशर मोजून टाका, हलू नयेत म्हणून वरून कापड ठासा, आणि किती वॉशरला किती अंतर हा तक्ता वहीत लिहा.

गोफणीची दोरी नायलॉनची नको, ती ताणते. विणलेली पॉलिएस्टरची घ्या आणि त्याच लांबीची दुसरी गोफण बांधून, तिच्यावरही दहा फेकी करून, सोबत ठेवा.