कॉर्टेक्स-एम० वर कोड आणताना: अलाइनमेंटचा हार्डफॉल्ट कसा पकडायचा

कोड लॅपटॉपवर झकास चालतो, बोर्डवर टाकला की पहिल्याच फ्रेमला (संदेशाला) हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोसेसर चूक पकडून नेहमीचं काम सोडतो. एनर्जी मीटर वाचणारा मॉडबस आरटीयूचा (उपकरणांशी बोलायच्या प्रोटोकॉलचा) कोड कॉर्टेक्स-एम०+ या एआरएमच्या छोट्या प्रोसेसरवर आणताना हे हमखास होतं. मीटरच्या उत्तरात आधी स्लेव्ह ॲड्रेस, मग फंक्शन कोड, मग बाइट काउंट, प्रत्येकी एक बाइट. म्हणजे व्होल्टेज सुरू होतं ऑफसेट ३ पासून. कुणीतरी तिथे यूइंट३२चा (चार बाइटांच्या पूर्णांकाचा) पॉइंटर कास्ट करून ठेवलेला असतो. इंटेलचा प्रोसेसर असं वाचन निमूट करून देतो. एम० आणि एम०+ अजिबात करत नाहीत. चार बाइटांचा आकडा त्यांना ४ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच हवा, यालाच अलाइनमेंट म्हणतात.

टीममध्ये नवीन येणारे लगेच प्रिंटएफ पेरायला लागतात. मी त्यांना थांबवते. प्रिंटएफमुळे व्हेरिएबल्स मेमरीत सरकतात आणि कधी कधी बगच गायब होतो, मग आठवडाभराने ग्राहकाकडे उगवतो. त्यापेक्षा फॉल्ट जिथे झाला ती इन्स्ट्रक्शन गाठा.

फॉल्ट होताच प्रोसेसर स्टॅकवर आठ रजिस्टर्स, प्रत्येकी चार बाइटांचा एक शब्द, ठेवतो: आर० ते आर३, आर१२, एलआर, पीसी (फॉल्ट झालेल्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता) आणि एक्सपीएसआर. पीसी सातवा, म्हणजे २४ बाइट पुढे. कुठला स्टॅक बघायचा हे हँडलरमध्ये (फॉल्ट झाल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) शिरताना एलआरमध्ये असलेल्या किमतीच्या बिट २ वरून कळतं: ० असेल तर एमएसपी (मुख्य स्टॅक), १ असेल तर पीएसपी (टास्कचा स्टॅक). आरटीओएस (अनेक टास्क चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) वापरत असाल तर हे विसरू नका, नाहीतर भलत्याच स्टॅकमधला कचरा वाचत बसाल.

तो पीसी ॲडर२लाइन या टूलला द्या, सोर्समधली ओळ मिळेल. पण तेवढ्यावर निकाल देऊ नका, कारण एम० वर हार्डफॉल्टची कारणं अनेक आणि कारण सांगणारं रजिस्टर नाही. ऑब्जडंप या टूलने असेम्ब्ली काढून त्या पत्त्यावरची इन्स्ट्रक्शन बघा. एलडीआर (चार बाइट वाचणारी) असेल तर ती ज्या पत्त्यावरून वाचते त्याला ४ ने भाग जायला हवा, म्हणजे शेवटचा हेक्स अंक ०, ४, ८ किंवा सी. एलडीआरएच (दोन बाइट वाचणारी) असेल तर पत्ता सम हवा. पत्ता आर४ ते आर७ मध्ये असेल तर तो स्टॅकवर सापडणार नाही. म्हणून हँडलर सीमध्ये लिहिण्याआधी असेम्ब्लीत ही रजिस्टर्स जपून ठेवा.

एम३ आणि एम४ जास्त फसवे. तिथे साधी एलडीआर विषम पत्त्यावरून वाचते, पण एकाहून जास्त शब्द एकदम वाचणाऱ्या एलडीआरडी आणि एलडीएम वाचत नाहीत. -ओ० (ऑप्टिमायझेशन बंद) वर ठीक चालणारा कोड -ओ२ (ऑप्टिमायझेशन चालू) वर कोसळतो तो यामुळेच: कंपायलर व्होल्टेज आणि करंटची शेजारशेजारची दोन वाचनं एकत्र करतो. मग लोक ऑप्टिमायझरला शिव्या घालतात. त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो, कास्टने त्याला पत्ता सरळ असल्याचं वचन दिलेलं असतं. इथे निदान सीएफएसआर या फॉल्टचं कारण सांगणाऱ्या रजिस्टरचा बिट २४ बघून खात्री करता येते.

दुरुस्ती सोपी आहे. मॉडबसचा डेटा बिग-एंडियन (वरचा बाइट आधी) असतो, त्यामुळे चार बाइट वेगवेगळे उचला, प्रत्येकाला यूइंट३२ करा, मग शिफ्ट करून जोडा. एंडियनचा प्रश्नही तिथेच मिटतो. बाइट-क्रम जुळत असेल तिथे मेमकॉपी (बाइट जसेच्या तसे कॉपी करणारं फंक्शन) वापरा. एम४ वर चार बाइटांच्या मेमकॉपीची बहुधा एकच एलडीआर होते, तेव्हा वेगाची काळजी नको. मात्र मेमकॉपीला मूळ बाइट-पॉइंटरच द्या. आधी कास्ट करून मग कॉपी केलीत तर पहिल्या जागीच परत आलात.

पॅक्ड स्ट्रक्ट (सदस्यांमध्ये मोकळी जागा न सोडणारं) मला आवडत नाही. त्यातला सदस्य थेट वाचला तर ठीक, पण त्याचा पत्ता दुसऱ्या फंक्शनला दिला की पॅक्डची माहिती हरवते. जीसीसी कंपायलरच्या ९ व्या आवृत्तीपासून याची वॉर्निंग येते. ती बंद करू नका.

उरलेल्या जागा बोर्डवर शोधू नका, लॅपटॉपवरच शोधा. जीसीसीला -डब्ल्यूकास्ट-अलाइन=स्ट्रिक्ट द्या. नुसतं -डब्ल्यूकास्ट-अलाइन इंटेलवर गप्प बसतं, म्हणून स्ट्रिक्ट हवंच. शिवाय कोड चालताना चुकीचे पत्ते पकडणारं -एफसॅनिटाइझ=अलाइनमेंट लावून बिल्ड करा आणि नोंदवून ठेवलेल्या खऱ्या फ्रेम्स त्यातून चालवा. पत्ता, टाइप, ओळ, सगळं छापून मिळतं. अर्थात जो कोड चालला तेवढाच तपासला जातो, तेव्हा मीटरची एक्सेप्शनची (त्रुटीची) उत्तरं आणि तुटक्या फ्रेम्सही घाला.

एक वेगळं लक्षणही ओळखून ठेवा: फॉल्ट नाही, पण प्रिंटएफमध्ये %एफ (दशांश संख्या) भलतेच आकडे छापतं आणि %डी (पूर्णांक) बरोबर. आधी टास्कचा स्टॅक तपासा. एआरएमच्या नियमाप्रमाणे फंक्शन कॉलच्या वेळी तो ८ बाइटांवर अलाइन हवा. स्टॅक म्हणून बाइटांचा साधा ॲरे दिला असेल तर त्याला अलाइन्ड(८) लावा, आणि सुरुवातीचा एसपी (स्टॅक पॉइंटर) ८ च्या पटीत येतोय का ते डीबगरमध्ये बघून घ्या.