ब्लोअर फक्त चार नंबरवर चालत होता

गेल्या उन्हाळ्यात गाडीच्या एसीचा ब्लोअर एक, दोन, तीनवर गप्प आणि चारवर मात्र जोरात. हे लक्षण रेझिस्टर बिघडल्याचं; रेझिस्टर म्हणजे करंट अडवून पंख्याला कमी वेग देणारा भाग. चारवर करंट रेझिस्टरला वगळून थेट मोटरला जातो, म्हणून तेवढाच वेग शिल्लक राहतो. रेझिस्टर काढून मल्टिमीटर लावला, तर त्याच्यावरचा थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापलं की करंट तोडणारा फ्यूज, गेलेला.

ओळखीचा मेकॅनिक म्हणाला, "साहेब, त्या फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा टाकतो, दहा मिनिटांचं काम." मी ठाम नको म्हटलं. गाडीच्या फ्यूजपेटीतला फ्यूज करंट बघतो, हा थर्मल फ्यूज उष्णता बघतो. मोटर जड झाली किंवा हवा अडली की रेझिस्टर भयंकर तापतो, पण करंट मर्यादेतच राहिला तर पेटीतला फ्यूज उडत नाही. भोवती सगळं प्लास्टिक, वर सुकलेला पालापाचोळा. मागच्या सीटवर माझी मुलं बसतात हो!

मूळ कारण नंतर सापडलं: केबिन फिल्टर धुळीने गच्च, पंख्यात गुलमोहराची पानं. सगळं साफ केलं, फिल्टर बदलला, मोटर हाताने फिरवून पाहिली. रेझिस्टर अख्खा नवा घेतला, कारण नुसता फ्यूज डाख देऊन बसवायला गेलं तर त्या उष्णतेनेच तो उडू शकतो. आता चारही वेग चालतात.