अपस्मार-संशोधकाची कारकीर्द आणि तिचा प्रभाव कसा तपासावा

मार्गदर्शक निवडायचा असो, परिषदेतील वक्त्याचा परिचय लिहायचा असो किंवा प्रबंधासाठी कोणाच्या कामाचा आधार घ्यायचा हे ठरवायचे असो, नाशिकच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवर अपस्मारावर (फिट येण्याच्या आजारावर) काम करणाऱ्या मेंदूशास्त्रज्ञाची कारकीर्द पारखण्याची वेळ कधी ना कधी येतेच. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय याच शहरात असल्याने प्रबंध, गाइड आणि सायटेशन (एखाद्या निबंधाचा इतर निबंधांत दिलेला संदर्भ) हे शब्द येथे रोजचे आहेत. एकूण सायटेशन आणि निबंधांची व सायटेशनची संख्या मिळून काढलेला एच-इंडेक्स हे आकडे उपयोगाचे आहेत. मात्र ते कोणत्या शोधनिबंधांमुळे तयार झाले हे पाहिल्याशिवाय त्यांवरून मत बनवू नये.

सर्वांत आधी व्यक्तीची ओळख पक्की करावी. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या डेटाबेसवर नुसते ‘पाटील एस’ शोधले तर अनेकांचे निबंध एकत्र येतात आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे सुरुवातीचे काम यादीतून गळते. संशोधकाची स्वतंत्र ओळख देणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक उपलब्ध असल्यास त्यावरून शोधावे. नसल्यास संस्था आणि सहलेखक पाहून यादी स्वतः तपासावी.

त्यानंतर निबंध वर्षांनुसार मांडून प्रत्येकापुढे लेखकांच्या क्रमातील स्थान लिहावे. जैववैद्यकीय निबंधांत साधारणपणे प्रत्यक्ष प्रयोग करणारा पहिला आणि प्रयोगशाळेचा प्रमुख शेवटचा असतो, त्यामुळे स्वतःचा गट केव्हा उभा राहिला हे या रकान्यातून दिसते.

एच-इंडेक्स ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडली. ज्या सर्वांत मोठ्या संख्येइतक्या निबंधांना प्रत्येकी किमान तितकीच सायटेशन आहेत, ती संख्या म्हणजे हा निर्देशांक. समजा, सहा निबंधांना अनुक्रमे ४०, २२, ९, ५, ४ आणि १ सायटेशन आहेत. चौथ्या निबंधाला किमान चार सायटेशन आहेत, पण पाचव्याला पाच नाहीत; म्हणून निर्देशांक ४. पहिल्या निबंधाला ४० ऐवजी ४००० सायटेशन असती तरी तो ४ च राहिला असता. वयाबरोबर हा आकडा वाढतो, कमी मात्र होत नाही, त्यामुळे तरुण संशोधकाची तुलना निवृत्तीला आलेल्या प्राध्यापकाशी करणे अन्यायाचे आहे.

यापुढचे काम वेळखाऊ आहे, पण खरी पारख त्यातच होते. सर्वाधिक सायटेशन असलेले चार-पाच निबंध उघडून इतरांनी त्यांचा उल्लेख कशासाठी केला आहे, ते वाचावे. रोनाल्ड रासीन यांनी १९७२ मध्ये प्राण्यांमधील झटक्यांची तीव्रता पाच पायऱ्यांत मोजण्याची पद्धत दिली आणि उंदरांवर प्रयोग करणारे आजही तिचा संदर्भ देतात; तो बहुतेक वेळा ‘पद्धती’ या विभागात एका ओळीत येतो. अपस्माराची व्यावहारिक व्याख्या देणारा आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेचा (आयएलएई) २०१४ चा अहवाल संदर्भित होतो तो सर्वांनी एकच व्याख्या वापरावी म्हणून, आणि त्याचे श्रेय अनेक लेखकांत विभागलेले आहे. क्वान आणि ब्रॉडी यांच्या २००० मधील निबंधाचे महत्त्व वेगळ्या प्रकारचे आहे. पूर्वी उपचार न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्के पहिल्याच औषधाने झटकेमुक्त झाले, तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने आणखी केवळ १४ टक्के. दोन औषधे निष्फळ ठरल्यावर शस्त्रक्रियेचा विचार लवकर करावा, या मताला त्यातून मोठे बळ मिळाले. माझ्या मते, रुग्णासमोरचा निर्णय बदलणारा असा एक निबंध इतर पन्नास निबंधांपेक्षा वजनदार मानावा.

दिल्लीच्या एम्समधून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणीही याच कसोटीवर वाचावी. औषधांना दाद न देणाऱ्या ११६ मुलांपैकी शस्त्रक्रिया झालेल्या गटात एका वर्षानंतर ७७ टक्के झटकेमुक्त होती, तर केवळ औषधांवर असलेल्या गटात ७ टक्के. आपल्या देशातल्या मुलांवरील हा पुरावा येथील डॉक्टरांना पालकांसमोर थेट ठेवता येतो.

फिट आल्यावर कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची प्रथा आपल्याकडे अजून आढळते. ती मोडण्यासाठी गावोगाव शिबिरे घेणाऱ्या संशोधकाचे हे श्रम कोणत्याही डेटाबेसमध्ये दिसत नाहीत, म्हणून त्याच्या परिचयात त्यांची नोंद स्वतंत्रपणे करावी.

आकडे लिहिताना स्रोत आणि तारीख सोबत द्यावी. गुगल स्कॉलर प्रबंध आणि प्रकाशनपूर्व मसुदेही (प्रीप्रिंट) मोजत असल्याने त्यातील संख्या स्कोपस या सायटेशन-डेटाबेसपेक्षा सहसा मोठी असते. स्कोपसमध्ये स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ वगळण्याचीही सोय आहे, आणि दोन संशोधकांची तुलना करताना दोघांचेही आकडे एकाच ठिकाणाहून, एकाच दिवशी घ्यावेत.