इलेक्ट्रिक स्मोकरचे तापमान ताब्यात कसे ठेवावे

स्मोकरच्या, म्हणजे लाकडाच्या धुरात मांस मंद शिजवणाऱ्या यंत्राच्या, पॅनेलवर दिसणारा आकडा म्हणजेच मांसाभोवतीच्या हवेचे तापमान, असे धरून चालले की पुढचा सगळा अंदाज चुकत जातो. यंत्राचा सेन्सर बहुधा एखाद्या भिंतीवर बसवलेला असतो, मांस मधल्या जाळीवर असते आणि या दोन जागांच्या तापमानात चांगलाच फरक पडू शकतो. त्यामुळे स्वतंत्र प्रोब थर्मामीटर (टोकदार सळईने तापमान मोजणारा) घेणे आणि तो आधी तपासणे, हे पहिले काम. पेलाभर कुटलेल्या बर्फात थोडे पाणी घालून ढवळावे आणि प्रोबचे टोक तळाला किंवा कडेला न टेकवता मधोमध धरावे. आकडा ० अंश सेल्सिअसवर स्थिरावायला हवा. एखाद्या अंशाची तफावत दिसल्यास ती लिहून ठेवावी आणि पुढच्या प्रत्येक नोंदीत धरावी.

त्यानंतर स्मोकर रिकामाच ११० अंशांवर लावून पाऊण तास तापू द्यावा. प्रोब जाळीच्या उंचीवर, भिंतीपासून दूर ठेवावा आणि दर पाच मिनिटांनी आकडा टिपावा. साधा थर्मोस्टॅट कॉइल पूर्ण चालू करतो किंवा पूर्ण बंद करतो, त्यामुळे तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. हा बिघाड नव्हे. या चढउताराची सरासरी काढावी. ती १०२ आली, तर यंत्र ११८ वर लावावे आणि पुन्हा सरासरी पाहावी. प्रत्येक उताराला घाबरून बटण फिरवत राहिल्याने तापमान आणखी हेलकावते. बदल केल्यावर किमान वीस मिनिटे वाट पाहावी.

मांस आत गेले की तापमान खाली येणारच, कारण थंड मांस आणि उघडलेले दार दोन्ही उष्णता हिरावून घेतात. दार वारंवार उघडणे ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे. दुसरा प्रोब मांसाच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न लागता खुपसला आणि हवेचा प्रोब मांसापासून पाचेक सेंटिमीटर दूर ठेवला, की आत डोकावण्याची गरज उरत नाही. ट्रेमध्ये गरम पाणी भरून ठेवल्यास चढउतार सौम्य होतात. थंड पाणी ओतले, तर ते तापवण्यातच कॉइलचा बराच वेळ जातो. वरची झडप उघडी असावी, कारण कोंडलेला धूर मांसाला कडवट चव देतो. लाकडाच्या चिप्स थोड्या थोड्या घालाव्यात. एकदम पेटल्या तर तापमान झपाट्याने चढते.

यंत्र तापतच नसेल, तर वीजपुरवठ्याकडे पाहावे. लांब, बारीक एक्स्टेन्शन वायरमध्ये विजेचा दाब (व्होल्टेज) कमी होतो आणि कॉइलची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते: दाब १० टक्के कमी झाला की उष्णता सुमारे १९ टक्के कमी होते. शक्यतो थेट सॉकेट वापरावे, तेही अर्थिंग असलेले. स्मोकर उघड्यावर, वाऱ्याच्या आडोशाला ठेवावा. धुरातील कार्बन मोनॉक्साइडमुळे तो घरात किंवा बंद गॅरेजमध्ये कधीही चालवू नये.

मोठ्या तुकड्याचे आतले तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान तासन्‌तास अडून बसते, कारण पृष्ठभागावरून बाष्प होऊन जाणारे पाणी तितकीच उष्णता घेऊन जाते. यंत्र बिघडल्याचा संशय येतो तो नेमका इथेच. हवेचा प्रोब ठरलेली सरासरी दाखवत असेल, तर यंत्राला हात लावू नये. घाई असल्यास मांस फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून पुन्हा जाळीवर ठेवावे. कोंबडी ७४ अंशांना, तर मासे ६३ अंशांना खाण्यास सुरक्षित होतात, आणि हा आकडा मांसाच्या गाभ्यात मोजलेला असावा.